जुन्या डॉज रॅमचा गळका डिझेल हीटर: निदान, दुरुस्ती आणि हवा काढण्याची रीत

१९९४ ते १९९८ या काळातील अमेरिकी डॉज रॅम डिझेल ट्रकमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडर आणि बारा व्हॉल्व्ह असलेले इंजिन येत असे. या इंजिनाच्या डाव्या अंगाला, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाच्या शेजारी, डिझेल गरम करणारा एक लहानसा हीटर बसवलेला असतो. त्याच्याच घरात एक बारीक जाळी असते, त्यामुळे टाकीतून आलेले डिझेल तेथे आधी गाळले जाते, थंडीत थोडे गरम होते आणि मग पंपाकडे जाते. या गाड्या आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि हीटरच्या घरातील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, कडक होऊन डिझेल झिरपू लागणे हे त्यांचे नेहमीचे दुखणे झाले आहे. ही दुरुस्ती घरच्या घरी, साध्या पान्यांनी, एका दुपारी होण्यासारखी आहे. मात्र गळती कोणत्या जागी आहे याचा आधी विचार केला नाही, तर माणूस लिफ्ट पंप बदलतो, इंजेक्शन पंपावर संशय घेतो, आणि दोष जेथल्या तेथेच राहतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे इंजिन अगदीच परके नाही. कमिन्सच्या याच बी मालिकेतील ५.९ लिटरचे इंजिन टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात तयार झाले आणि टाटाच्या मालवाहू ट्रकांत बसले. लिफ्ट पंपाला आपले मिस्त्री फीड पंप म्हणतात, आणि पंपाच्या आधी कोठेतरी फट पडली की ‘गाडी एअर घेते’ असे सांगतात. या लेखातील निम्मे निदान त्या तीन शब्दांत आले आहे.

ओढीची बाजू आणि दाबाची बाजू

डिझेलचा प्रवास असा होतो. टाकीतून निघालेले डिझेल चासीच्या कडेने लोखंडी नळीतून पुढे येते, रबरी नळीवाटे हीटरच्या घरात शिरते, तेथून लिफ्ट पंपात जाते, पंप ते दाबाने मुख्य फिल्टरकडे ढकलतो, आणि फिल्टरमधून ते बॉशच्या पी-७१०० या इंजेक्शन पंपात पोहोचते. जास्तीचे डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीत परत जाते. लिफ्ट पंप हा दट्ट्याचा असून तो इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो. म्हणजे पंपाच्या पुढे दाब असतो आणि मागे ओढ असते. हीटर मागे आहे, ओढीच्या बाजूला.

यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो. इंजिन चालू असताना हीटरच्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन बंद झाल्यावर पुढे काय घडते ते टाकीतील डिझेलच्या पातळीवर आणि गाडी कोणत्या उतारावर उभी आहे यावर ठरते. टाकी भरलेली असेल आणि गाडीचे तोंड उताराकडे असेल, तर डिझेल हीटरपर्यंत आपोआप पोहोचते आणि फटीतून थेंब-थेंब जमिनीवर पडते, पण सकाळी गाडी विनातक्रार सुरू होते. टाकी पाव भरलेली असेल किंवा गाडीचे तोंड चढाकडे असेल, तर जमीन कोरडी राहते, फटीतून हवा आत शिरते, नळीतील डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. एकाच दोषाची ही दोन रूपे आहेत. मालकाला मात्र ती दोन वेगळी दुखणी वाटतात, म्हणून ‘गळती आपोआप थांबली, पण आता गाडी उचलत नाही’ अशी तक्रार घेऊन तो गॅरेजमध्ये येतो.

जमिनीवरचा डाग ही यातील किरकोळ बाब समजावी. हवा शिरलेले डिझेल इंजेक्शन पंपात गेले की इंजिन अडखळते, चढावर दम सोडते आणि थंडीत सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे पांढरा धूर टाकत वेडेवाकडे चालते. शिवाय पी-७१०० पंपाच्या आतील दट्ट्यांचे वंगण डिझेलनेच होते आणि हवेला तो गुण नाही.

येथे इतर गाड्यांशी गल्लत होऊ नये म्हणून एक खुलासा करतो. १९९८ च्या मध्यापासून रॅममध्ये चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन आले आणि त्यात हीटर मुख्य फिल्टरच्या डब्यात, म्हणजे पंपाच्या पुढे गेला. फोर्डच्या १९९९ ते २००३ च्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक ट्रकमध्येही हीटर इंजिनाच्या माथ्यावरील फिल्टरच्या भांड्यातच असतो. तेथे दाब असल्यामुळे गळती इंजिन चालू असतानाच दिसते. फोर्डच्या या हीटरला आणखी एक खोड आहे. तो आतून शॉर्ट झाला की जो फ्यूज उडतो, त्यावर इंजिनाचा संगणकही अवलंबून असल्याने गाडी मुळीच सुरू होत नाही. पुढील कृती मात्र बारा व्हॉल्व्हच्या रॅमसाठी लिहिली आहे.

दोष हीटरचाच आहे का?

डाव्या अंगाला गळू शकणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. पुढच्या बाजूला व्हॅक्यूम पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप, मध्ये टॅपेटचे झाकण, वर मुख्य फिल्टर, मागे स्टार्टरजवळून जाणाऱ्या जुन्या रबरी नळ्या. वाऱ्याने सर्व काही मागे पसरते, त्यामुळे जेथे ओले दिसते तेथेच फट आहे असे मानू नये. प्रथम तो भाग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुवावा, पाण्याने हलकेच खळबळून पूर्ण वाळू द्यावा, आणि त्यावर खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. टाकी भरून गाडी शक्य असल्यास तोंड उताराकडे करून रात्रभर उभी करावी. सकाळी पावडरवर जेथे सर्वांत वर ओली रेघ दिसेल, तेथे गळतीचा उगम असतो. इंजिन ऑइल आणि डिझेल यांतील फरक पांढऱ्या कागदावर कळतो. डिझेल पटकन दूरवर पातळ पसरते, तर ऑइलचा काळा, जाड ठसा जागच्या जागी राहतो.

पावडर कोरडीच राहिली आणि तरीही सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास देत असेल, तर दुसरी चाचणी करावी. लिफ्ट पंपाच्या आत येणारी नळी सोडवून तेथे डिझेलला चालणारी नवी नळी जोडावी आणि तिचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडावे. कॅन जमिनीवरच ठेवावा. तो इंजिनापेक्षा उंच ठेवला तर डिझेल वरून वाहत येईल, पंपाला ओढावे लागणार नाही आणि चाचणी खोटी ठरेल. परतीचे डिझेल गाडीच्या टाकीतच जात असल्याने कॅन अपेक्षेपेक्षा लवकर रिकामा होतो, म्हणून इंजिन दोन-तीन मिनिटेच चालवून बंद करावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी गाडी पटकन सुरू झाली, तर पंप आणि त्यापुढचे सर्व काही ठीक आहे आणि दोष टाकी ते पंप या टप्प्यात आहे. त्यानंतर मूळ नळी पूर्ववत करून हीटर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवावा. त्यात बुडबुडे धावताना दिसले, तर तसाच तुकडा हीटरच्या अलीकडे बसवून पाहावा. हीटरच्या आधी डिझेल स्वच्छ आणि नंतर बुडबुडे, एवढे दिसले की चोर सापडला. दोन्हीकडे बुडबुडे असतील, तर हीटरला हात लावण्यापूर्वी टाकीजवळच्या आणि इंजिनामागच्या रबरी नळ्या बदलाव्यात. माझ्या मते इतक्या जुन्या गाडीत त्या नळ्या तशाही बदलाव्यात, कारण वरून धडधाकट दिसणारी नळी क्लॅम्पच्या खाली भेगाळलेली असते.

उकलण्याची तयारी

इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, डावे पुढचे चाक उचलून चासीखाली भक्कम घोडी द्यावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. ते चाक आणि त्यामागचा पडदा काढला की हीटर समोरून दिसतो. बॉनेटकडून वाकून काम करण्याचा हट्ट धरला तर मनगटे सोलवटतात आणि कडी नीट बसली की नाही हेही दिसत नाही. या ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, म्हणून दोन्हींच्या निगेटिव्ह तारा सोडवाव्यात. एकच तार सोडवली तर स्टार्टरची मोठी तार जिवंत राहते, आणि स्टार्टर याच बाजूला आहे.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, कारण अमेरिकेतील नेहमीच्या क्रमांक २ च्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो बिंदू, किमान ५२ अंश सेल्सिअस असतो. तरी उघड्या तारांचा दिवा, पेटती शेगडी आणि सिगारेट दूरच ठेवावी. खाली रुंद परात ठेवावी आणि स्टार्टरवर प्लॅस्टिकचा कागद बांधावा. डिझेलने भिजलेला स्टार्टर लगेच बिघडत नाही, पण त्याच्या आतील धूळ आणि डिझेल यांचा चिखल होतो.

हीटर उघडणे

उघडण्यापूर्वी संपूर्ण भाग पुन्हा एकदा धुवावा आणि हवेच्या झोताने कोरडा करावा. ही सूचना कंटाळवाणी वाटते, परंतु इंजेक्शन पंपाच्या दट्ट्यांची फट काही मायक्रॉनची असते आणि एक वाळूचा कण तेथे पोहोचला तर आज वाचवलेली दहा मिनिटे फार महाग पडतात.

आधी विजेची जोडणी सोडवावी. तिचे कुलूप म्हणजे प्लॅस्टिकची ठिसूळ जीभ असते. ती ओढू नये, बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचलावी. जोडणी सुटली की तिच्या आत पाहावे. पिनांभोवती डिझेल साचलेले दिसले, तर गळती बाहेरच्या कडीतून नसून हीटरच्या पिना जेथून आत जातात तेथून आहे. ती जागा कोणत्याही लुकणाने बंद होत नाही आणि हीटरचा भागच बदलावा लागतो. पिना काळ्या पडलेल्या किंवा प्लॅस्टिक वितळलेले दिसले, तर गाडीकडील जोडणीही नवी घ्यावी, कारण हा हीटर बराच विद्युतप्रवाह ओढतो आणि गंजलेली जोडणी तापते.

त्यानंतर हीटरच्या घराची खालची वाटी सैल करावी. आतील डिझेल परातीत पडू द्यावे आणि ते फेकण्यापूर्वी पाहावे. तळाशी पाण्याचे थेंब, काळा गाळ किंवा रबराचे काळे कण दिसले, तर टाकीची आणि नळ्यांची अवस्था तेथेच कळते. वाटी निघाली की जाळी आणि हीटरचा भाग क्रमाने काढून स्वच्छ कागदावर त्याच क्रमाने मांडावेत आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जुनी कडी प्लॅस्टिकच्या टोकदार काडीने काढावी. लोखंडी सुईने काढताना अॅल्युमिनियमच्या खोबणीत एक चरा पडला, तर नवी कडीही तेथून गळत राहते.

जुनी कडी बोटांत धरून पाहण्यासारखी असते. मुळात गोल असलेला तिचा छेद चौकोनी, चपटा झालेला असतो आणि वाकवली तर ती तुटते. वय आणि उष्णता हे त्याचे मुख्य कारण आहे, पण इंधनातील बदलाचाही त्यात वाटा आहे. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरील गाड्यांसाठी १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, गंधकाचे डिझेल आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील ‘अॅरोमॅटिक’ हायड्रोकार्बन, म्हणजे रबर फुगवणारे घटक, हेही कमी होतात. जुन्या डिझेलमध्ये थोडे फुगून घट्ट बसलेले नायट्राइल रबर नव्या डिझेलमध्ये आकसते, आणि आधीच कडक झालेली कडी जागा सोडते.

नवी कडी कोणत्या रबराची घ्यावी?

बाजारात व्हायटनची, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबराची, कडी सर्वोत्तम म्हणून सांगितली जाते. डिझेल आणि उष्णता यांपुढे ती नायट्राइलपेक्षा खरोखरच जास्त टिकते. मात्र व्हायटनचे साधे प्रकार उणे २० अंशांच्या आसपास ताठर होतात, आणि हीटर ही वस्तूच मुळी कडक थंडीसाठी आहे. अल्बर्टा, मॅनिटोबा किंवा मिनेसोटा येथे हिवाळ्यात तापमान याहून खाली उतरते, आणि जानेवारीच्या पहाटे ताठरलेली कडी काही काळ हवा आत घेते. म्हणून टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्याने साधी व्हायटन निःशंक वापरावी. उत्तरेकडील माणसाने मात्र कमी तापमानासाठी बनवलेला व्हायटनचा प्रकार शोधावा, किंवा चांगल्या नायट्राइलची कडी घालून ती काही वर्षांनी बदलण्याची तयारी ठेवावी. मिश्र डब्यातून ‘साधारण तेवढीच’ कडी निवडू नये. इंजिनाच्या क्रमांकावरून मूळ भागाची कडी मागवावी आणि तिची जाडी जुन्या कडीशी न ताडता खोबणीच्या मापाशी ताडावी, कारण जुनी कडी चपटी झालेली असते.

विजेची तपासणी

हीटर हातात आला आहे तर तो चालतो का, हेही पाहून घ्यावे. मल्टिमीटर लावल्यावर उन्हाळ्यात तो पूर्ण तुटलेला, म्हणजे उघडा, दिसतो आणि कित्येक लोक चांगला हीटर फेकून देतात. या परिपथात थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली जोडला जातो आणि साधारण २४ अंशांना तुटतो. तेव्हा उबदार खोलीतील मापाला अर्थ नाही. हीटर पुसून, घट्ट पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात तासभर ठेवावा आणि बाहेर काढताच मापावे. आता अल्प रोध दिसला तर तो चालू आहे. गार असूनही उघडाच दिसला तर तो मेला आहे. पिन आणि बाहेरील धातू यांच्यात मात्र कोणत्याही तापमानाला जोड दिसता कामा नये.

परत बसवणे

खोबणी धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून तीत बोटाचे नख फिरवावे. पांढरी, खरखरीत गंज लागली तर अत्यंत बारीक घासकागदाने खोबणीच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, हलकेच घासावे. आडवे घासू नये. घराला किंवा वाटीच्या आट्यांना केसासारखी भेग असेल तर पूर्ण घर बदलावे. जाळी स्वच्छ डिझेलमध्ये मऊ कुंच्याने धुवावी आणि फाटलेली असल्यास नवी घ्यावी.

नवी कडी स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून खोबणीत बसवावी आणि ती कोठेही पिळलेली नाही ना, हे बोटाने फिरवून पाहावे. ग्रीस लावू नये, आणि सिलिकॉनचे लुकण तर मुळीच लावू नये. त्याचा सुटलेला तुकडा पुढे जाऊन पंपाच्या झडपेत अडकतो. वाटी हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवावी आणि मग पान्याने थोडीशीच आवळावी. बंद करण्याचे काम कडीचे असते, जोराचे नाही. गळते म्हणून दर वेळी थोडे अधिक आवळत गेल्यानेच पुष्कळ वाट्या तडकल्या आहेत. नळ्यांच्या जोडांवरील पोकळ बोल्ट, म्हणजे बँजो बोल्ट, सोडवले असतील तर त्यांचे वॉशर नवे घालावेत. तांब्याचे वॉशर लालबुंद तापवून पुन्हा वापरण्याची आपल्याकडील युक्ती चालते, परंतु येथे मूळचे वॉशर रबर चिकटवलेले असतील तर ती लागू पडत नाही.

हीटर काढूनच टाकला तर?

उष्ण भागात राहणारे पुष्कळ मालक हीटर काढून टाकतात आणि थेट नळी जोडतात. हिवाळ्यात जेथे क्वचितच शून्याखाली जाते, तेथे हा मार्ग मला गैर वाटत नाही, कारण गळू शकणारी एक जागा कायमची कमी होते. मात्र हीटरबरोबर जाळीही जाते हे विसरू नये. लिफ्ट पंपाच्या झडपांना मोठ्या कणांपासून वाचवणारी शेवटची वस्तू तीच होती, म्हणून त्या जागी कमी रोधाचा जाळीचा फिल्टर टाकावा. नळी डिझेलसाठीचीच असावी, तिचा आतील व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा आणि वळणावर ती चेपू नये, कारण ओढीच्या बाजूची नळी आतल्या आत मिटली तर बाहेरून काही दिसत नाही. क्लॅम्प रबरात न रुतणारे, सपाट पट्टीचे घ्यावेत. हीटरची सुटी राहिलेली जोडणी वरच्या बाजूला बांधून बंद करावी आणि तिचा फ्यूज काढून ठेवावा. याउलट जेथे क्रमांक २ च्या डिझेलमधील मेण थंडीने गोठून जाळी चोंदते, तेथे हीटर काढणे म्हणजे पहिल्याच हिमवादळात रस्त्याच्या कडेला उभे राहण्याची सोय करणे होय.

हवा काढणे

बॅटऱ्या जोडाव्यात, पण लगेच सेल्फ मारू नये. लिफ्ट पंपावर रबरी बटण असते, त्याने हाताने डिझेल भरता येते. मुख्य फिल्टरच्या माथ्यावरील हवा काढण्याचा लहान बोल्ट थोडा सैल करावा आणि बटण दाबत राहावे. आधी फुसफुस, मग फेस आणि शेवटी सलग डिझेल येईल, तेव्हा बोल्ट बेताने आवळावा. बटण दाबूनही काहीच हालचाल जाणवत नसेल, तर पंपाचा दट्ट्या बहुधा कॅमच्या उंचवट्यावर थांबला आहे. इंजिन किंचित फिरवले की बटणाला पुन्हा चाल मिळते. बोल्ट बंद केल्यावरही बटण जड लागेपर्यंत दाबत राहावे. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडल्याचा बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला की पंप भरला.

मग सेल्फ मारावा. एका वेळी ३० सेकंदांहून अधिक नाही, आणि मध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी. हीटरच उघडला असेल तर बहुधा एवढ्यावर इंजिन सुरू होते आणि काही सेकंद अडखळून सरळ चालते. इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या सैल करण्याची वेळ क्वचित येते. आलीच, तर हातमोजे आणि चष्मा घालावा आणि गळणाऱ्या जोडाजवळ बोट नेऊ नये. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम लहान दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची असते.

इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे, वाटीभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळावा आणि तासाभराने पाहावा. कागद कोरडा राहिला तरी परीक्षा अर्धीच झाली, कारण ती गळतीची परीक्षा आहे, हवेची नाही. टाकी पाव भरलेली असताना गाडी तोंड चढाकडे करून रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी, रबरी बटणाला हात न लावता, सेल्फ मारावा. इंजिन दुरुस्तीपूर्वी रेंगाळत असे आणि आता लगेच उचलत असेल, तर पडदा आणि चाक परत बसवावे.